विमान कोणाचे ते नंतर, कलेक्टरला कळवलेत कधी?

विहिरीतली तलवार, वाड्याच्या भिंतीतली नाणी आणि आता विमान. "आमच्या जमिनीत सापडले म्हणजे आमचेच ना?" या अर्थाची पत्रे मला नेहमी येतात. यावेळचे वाचक बडोद्याच्या वाघोडिया रस्त्याकडचे. गणपतीच्या आधी घरामागे पाण्याच्या टाकीसाठी खणताना जेसीबीला पत्रा लागला. पुढे इंजिन निघाले, पंख्याचे वाकलेले पाते निघाले, आकडे ठोकलेली एक पट्टी निघाली. शेजारच्या जाणकारांच्या मते हे दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ विमान. प्रश्न तीन: मालक कोण, गायकवाडांचा राजवाडा हक्क सांगेल का, आणि मुंबईचा एक संग्राहक इंजिनाचे पैसे देतोय ते घ्यावेत का? शेवटी जाता जाता एक ओळ: "दिवाळीच्या साफसफाईत चाळीसेक किलो पत्रा भंगारात दिला."

अहो, ती ओळ पत्रात पहिली हवी होती.

१८७८ चा भारतीय निखात निधी कायदा, म्हणजे आपल्या बोलण्यातला गुप्तधनाचा कायदा, उघडा. कलम ४ म्हणते की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून (हो, दहाच) अधिक मोलाची वस्तू सापडली, तर 'शक्य तितक्या लवकर' कलेक्टरला लेखी कळवायचे: काय सापडले, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा हमी द्यायची. कळवले नाही, तर कलम २० प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. शिवाय तुमचा वाटा सरकारजमा. ओळख लपावी म्हणून वस्तूत फेरफार करणाराही याच कलमात येतो. तुमच्या मनात लपवायचे नव्हते, मला पटते. पण भंगारात गेलेल्या पत्र्याबद्दल हे दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात पटवून द्यायला किती तारखा लागतील, ते मला विचारू नका.

विमान कोणी 'दडवले' नव्हते, ते पडले आणि मातीत गेले, म्हणून हा कायदा लागूच होत नाही, असा युक्तिवाद करता येईल. वेळ आली तर मीही करीन. टिकेलच असे नाही. आणि टिकला तरी पुढे भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ उभे आहे. सापडलेली वस्तू मालकासाठी जपून ठेवणारा गुन्हेगार नाही. मात्र मालकाचा वाजवी शोध घेण्याआधी, वाजवी काळ थांबण्याआधी ती स्वतःची म्हणून वापरली, तर किमान सहा महिने, कमाल दोन वर्षे. इकडून या की तिकडून, प्रश्न एकच: कळवलेत कधी? गणपती गेले, नवरात्र गेले, दिवाळी झाली, आणि तुम्ही वकिलाला पत्र लिहिलेत!

तेव्हा उद्याच अर्ज द्या. एक प्रत कलेक्टर कचेरीत, एक पोलीस ठाण्यात, एक दरजीपुऱ्याच्या हवाई दलाच्या तळावर, आणि प्रत्येकीवर शिक्क्याची पोच. पट्टीवरच्या आकड्यांचा फोटो जोडा. सापडल्याची तारीख खरी लिहा, जेसीबीवाल्याच्या बिलावर ती आहेच. भंगाराची विक्रीही लिहा. त्याआधी भंगारवाल्याकडे जा. माल गोदामात पडून असेल तर तसाच ठेवायला सांगून लेखी घ्या.

मालकीबद्दल मी जपूनच बोलेन. विमान ब्रिटिश हवाई दलाचे, अमेरिकी, की १९४७ नंतरचे आपले, यावर उत्तर बदलेल, आणि ते ठरवायला ती पट्टी लागेल. राजवाड्याची काळजी मात्र सोडा. बडोद्याच्या देणगीवरून ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला, म्हणजे तुकडीला, आपल्या शहराचे नाव मिळाले हे खरे, पण ती १९४१ मध्ये स्कॉटलंडमध्ये उभी राहिली. तिची स्पिटफायर लढाऊ विमाने ब्रिटन-युरोपातच उडाली, वाघोडियावर नाही. तुमच्या लेस्टरच्या भाच्याने तुम्हाला कळवलेला, विमानांच्या अवशेषांना संरक्षण देणारा १९८६ चा कायदाही ब्रिटनचा आहे, तो इथे चालत नाही. आपला पुरावस्तू कायदा साधारणपणे शंभर वर्षे मागतो, तीही भरत नाहीत.

समजा, कलेक्टरांनी वस्तू बेवारस ठरवली. मग वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचे, उरलेले जमीनमालकाचे. सापडवणारे तुम्ही की जेसीबीचा चालक, हा वाद उद्या कोणी काढलाच तर नवल नाही. सरकारला ती हवी असेल, तर धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश मिळतो. संग्राहकाचा भाव विसरा.

खणणे थांबवा. काडतूस किंवा हाडे दिसली तर हात न लावता ठाण्याला फोन करा. संग्राहकाकडून इसार घेतला असेल, तर आजच चेकने परत करा आणि चेकची झेरॉक्स जवळ ठेवा.