झोप यावी म्हणून काय खाऊ?

हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्यातून एकदा तरी येतोच. पूर्वी त्यात जायफळाचं दूध असायचं, हल्ली समुद्र आला आहे.

रांजणगावच्या एका कोरियन कारखान्यातले चाळिशीचे गृहस्थ (ओळख बदलली आहे) दोन डब्या घेऊनच आले. एकीत गामथे या समुद्री शेवाळाच्या अर्काच्या गोळ्या, दुसरीत सेउजोत. म्हणजे मिठात मुरवलेली बारीक कोळंबी, आपल्या जवळ्याचीच भावंडं.

"मॅडम, यात गाबा असतं. मेंदू शांत करतं."

यात तथ्य आहे. पदार्थ आंबताना काही जिवाणू ग्लुटामेट या अमिनो आम्लापासून गाबा हे रसायन तयार करतात. पण खाल्लेला गाबा मेंदूपर्यंत कितपत पोचतो, यावर अजून वाद आहे. शिवाय रात्री इतकं खारट खाल्लं की तहान लागते, लघवीला उठावं लागतं. शेवाळाबाबत मी जास्त कडक आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. केल्पच्या, म्हणजे मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळाच्या, काही जातींत एका ग्रॅममध्येच त्याच्या कितीतरी पट असतं. त्यानं थायरॉइड बिघडला, तर धडधड होऊन उरलीसुरली झोपही जाते. म्हणून आधी डॉक्टरांकडे पाठवलं. तपासणी ठीक आली.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "गोळी घेतली की काय करता?"

"पडून राहतो."

"आणि?"

"लागू पडतेय का, ते बघतो."

"कधीपर्यंत?"

ते बराच वेळ डबीचं झाकण फिरवत राहिले. "दोन वाजतात. मॅडम, म्हणजे मी झोपेवर पहाराच देतो की!"

हा शब्द त्यांचा त्यांना सापडावा म्हणून मी दोन भेटी थांबले होते, आणि थांबले याचं मला समाधान आहे. माझा भर कायम सवयींवर असतो. काय खाल्लं यापेक्षा अंथरुणात आपण काय करत पडतो, तेच झोपेला जास्त नडतं. पहारेकऱ्याला झोप कशी येणार? डबी बदलली तरी पहारा तोच.

मग साधंच ठरवलं. डोळे जड झाल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, तर उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसायचं. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. रात्र कशीही जावो, सकाळी सहाला उठायचंच, रविवारीसुद्धा. दुपारची डुलकी बंद. पहिला आठवडा जड जातो, हे मी आधीच सांगते. त्यांनाही गेला, चौथ्या दिवशी चिडून फोन आला होता. मी एवढंच म्हटलं, "आज रात्रीही तसंच करा."

दीड महिन्यानं आले तेव्हा गोळ्यांचा विषय त्यांनी काढलाच नाही. सेउजोत संपत आला होता. दुपारच्या जेवणात बायको तो चिमूटभर अंड्याच्या पोळीत घालते म्हणाले, मुलाला फार आवडतो.