फुंकरही सोसवत नाही तेव्हा

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मी मूळची नाशिकची, आता इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. आमची बुंदी चार वर्षांची, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल. वर्षभरापासून ती चालता चालता थांबते आणि मागच्या उजव्या पायाने मानेजवळ खाजवल्यासारखं करते. पण पाय अंगाला लागतच नाही, हवेतच फिरतो. काखेत हात घालून उचललं की किंचाळते. कानाचे थेंब झाले, पिसवांचं औषध झालं. आता तिथल्या मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांनी एमआरआय सुचवलाय आणि जोडीला अंगावर ठिकठिकाणी बारीक टोक टेकवून संवेदना मोजायची तपासणी. घरात मात्र सगळे म्हणतात, ‘लाडावलीय ती.’ ज्या जिवाला विचारता येत नाही त्याचं दुखणं मोजणार कसं? आणि मोजताना तिला आणखी दुखवणार का?

उत्तर : बुंदी लाडावलेली नाही, हे आधी घरच्यांना वाचून दाखवा.

‘पाय अंगाला लागतच नाही’ हे तुम्ही नीट पाहिलंत, याचं मला फार बरं वाटलं. कातडीला खाज असेल तर कुत्रं कातडी ओरबाडतं, केस जातात, जागा लाल होते. हवेत खाजवणं, तेही एकाच बाजूला, मानेजवळ, चालता चालता, आणि जोडीला उचलताना किंचाळणं, हे कॅव्हेलियर जातीत दिसलं की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते सिरिंगोमायेलियाचं. या जातीत कवटीचा मागचा भाग आनुवंशिकतेनेच मेंदूला अपुरा पडतो. लहान मेंदू मागे दाटतो, मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याची वाहती वाट अडते आणि कालांतराने मज्जारज्जूच्या आतच पाण्याचे पोकळ कप्पे तयार होतात. असा कप्पा मानेच्या भागात, स्पर्शाची आणि वेदनेची वर्दी जिथे पहिल्यांदा पोचते त्या कडेला पसरला, की त्या बाजूला असं हवेतलं खाजवणं सुरू होतं. पत्रावरून निदान करता येत नाही. मधल्या कानात चिकट द्रव साठण्याचा विकारही याच जातीत दिसतो आणि थोडीफार अशीच लक्षणं देतो. एमआरआयमध्ये दोन्ही कळतील.

मग एमआरआय असताना वेगळी मोजणी कशाला? कारण चित्रात पोकळी दिसते, दुखणं दिसत नाही. वरकरणी ठणठणीत असलेल्या, फक्त पैदाशीआधी तपासलेल्या कॅव्हेलियरांच्या एका मोठ्या पाहणीत वर्षभराच्या कुत्र्यांपैकी २५ टक्क्यांत आणि सहा वर्षांपुढच्यांपैकी ७० टक्क्यांत पोकळी सापडली होती. उलट काहींना पोकळी नसताना, नुसत्या कवटीच्या दाटीनेही त्रास होतो. पोकळी जितकी रुंद तितकी दुखण्याची शक्यता जास्त, एवढं नक्की. पण तुमच्या बुंदीला आज किती दुखतंय, हे तिच्या अंगालाच विचारावं लागतं.

माझ्या आईला नागीण झाली होती. फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी दिसायला स्वच्छ झाली, आणि तरी पुढचे चार महिने तिला कमरेवर साडीचा पदर सोसवत नव्हता. पंख्याचा वारा लागला तरी ती कळवळायची. ‘हुळहुळतंय गं,’ म्हणायची. आपल्या भाषेत हा शब्द आहे हे मला तेव्हापासून मोठं धन वाटतं. जे दुखायला नको ते दुखणं, म्हणजे हुळहुळणं. जे थोडं दुखायला हवं ते भलतंच दुखणं, ही दुसरी गोष्ट. आणि काहीच न कळणं, म्हणजे बधिरपणा, ही तिसरी. संवेदनेच्या तपासणीत हे तिन्ही वेगळे करून पाहतात, कारण एकाच कुत्र्याच्या अंगावर तिन्ही असू शकतात.

आता प्रत्यक्ष तपासणी. ऑस्ट्रियन-जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ माक्स फॉन फ्राय यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घोड्याचे केस काडीला लावून माणसांच्या कातडीची संवेदना मोजली. त्या केसांच्या जागी आता नायलॉनचे तंतू आले, कमीजास्त जाडीचे. प्रत्येक तंतू ठरावीक जोरालाच वाकतो, म्हणून किती जोर लागला ते कळतं. काही ठिकाणी टोकाला जोर मोजणारं यंत्र असतं आणि आकडा पडद्यावर दिसतो. बुंदीला आधी खोली हुंगू देतील, निवांत होऊ देतील. मग मऊ कापूस किंवा ब्रश फिरवतील, तंतू टेकवतील, कोमट आणि गार गोष्ट लावून पाहतील. मानेवर, पायांवर, डावीकडे आणि उजवीकडे. तिने वळून पाहिलं, ओठ चाटले, अंग आखडलं, पाय काढून घेतला, की त्याच क्षणी थांबायचं आणि तेवढ्याचाच आकडा लिहायचा. वरची मर्यादा आधीच ठरलेली असते, त्यापुढे जोर देत नाहीत. त्यामुळे इजा होत नाही. नकोसं मात्र वाटू शकतं. तुम्ही शेजारी बसा, आणि तिला पुरे झालं असं तुम्हाला वाटलं तर तसं सांगा.

एका आकड्यावर जाऊ नका. कुत्रं दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काय होणार ते ओळखतं आणि आधीच पाय काढतं. खोलीतला आवाज बदलला, मोजणारा हात बदलला, तरी फरक पडतो. म्हणून प्रत्येक जागी अंतर ठेवून अनेकदा मोजतात आणि सरासरी काढतात. शेजारच्या कुत्र्याशी तुलना फारशी उपयोगाची नाही. बुंदीची डावी बाजू आणि उजवी बाजू, बुंदीचा आजचा आकडा आणि औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी आलेला आकडा, त्याच खोलीत, शक्यतो त्याच हाताने. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमध्ये अशाच कॅव्हेलियरांवर प्रीगाबालिन या मज्जातंतूंच्या दुखण्यावरच्या औषधाची चाचणी झाली, ती याच मार्गाने. औषधावर असताना कुत्र्यांचं हुळहुळणं कमी झाल्याचं मोजणीत दिसलं. तुमचे डॉक्टर ते किंवा गाबापेंटिन सुचवतील. माझ्या आईला नागिणीनंतर गाबापेंटिननेच झोप लागली होती, तेव्हा या औषधाबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. एक सांभाळा : माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत झायलिटॉल नावाची गोडी असते, ती कुत्र्यांना विषारी आहे. कॅप्सूलच मागा.

दवाखान्यात वापरतात त्या ग्लासगोच्या वेदना-मोजपट्टीवर बुंदी कदाचित पास होईल. ती पट्टी चांगली आहे, २४ पैकी ६ गुण झाले की वेदनाशामक द्यायचा विचार करा असं सांगते, पण ती शस्त्रक्रियेनंतरच्या, ताज्या दुखण्यासाठी बनलेली आहे. वर्षभर मुरलेलं मज्जातंतूंचं दुखणं तिच्यात सापडेलच असं नाही. त्यासाठी तुमची वही लागेल. रोज चार ओळी पुरेत : दिवसातून किती वेळा हवेत खाजवलं, रात्री उशी किंवा सोफ्याचा कठडा घेऊन डोकं उंच ठेवून झोपली का, सोफ्यावर उडी मारली का खालीच उभी राहिली, गळ्यातला पट्टा घालताना मान चोरली का. पट्टा तर आजच काढा, छातीवरून जाणारा हार्नेस आणा, काखेत काचणार नाही असा. मोबाइलवर चित्रण करा. घरी सुई-टाचणीने तपासून मात्र पाहू नका. ज्या हाताने ती जेवते त्या हाताची तिला भीती बसेल.

आणि बुंदीची पिल्लं नकोत. तिकडे २०१२ पासून ब्रिटिश व्हेटरनरी असोसिएशन आणि केनेल क्लबची या विकारासाठी एमआरआय तपासणीची योजना आहे. पुढचं पिल्लू कधी घ्याल तेव्हा आईबापांचे ते कागद दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालेला चालक, मुक्काम सातारा. आमचा शेरू जर्मन शेफर्ड, नऊ वर्षांचा. चार महिने झाले, मागचे पाय ओढत चालतो, नखं झिजून रक्त येतं. तोंडातून आवाज नाही. मुकाट सोसतोय असं वाटून जीव तुटतो. मेडिकलवाल्याने दिलेली डायक्लोफिनॅकची अर्धी गोळी रोज देतोय. बरोबर आहे ना?

उत्तर : काका, ती गोळी आज बंद करा. कुत्र्याच्या पोटात त्याने व्रण होतात, मूत्रपिंडं खराब होतात. (गुरांना दिलेल्या याच औषधामुळे गिधाडं मेली आणि २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली.) शौच काळं पडलंय का, उलटी होते का, जेवण सुटलंय का, ते पाहा. तसं असेल तर उद्यावर टाकू नका.

शेरूच्या जातीत उतारवयात मज्जारज्जू हळूहळू झिजण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यामागचा एसओडी१ जनुकातला दोष २००९ मध्ये उघड झाला. हा आजार पाय नेतो, पण त्यात वेदना नसतात. शेरू मुकाट सोसत नसेल, त्याला खरंच दुखत नसेल. त्याचा पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला तर तो लगेच सरळ करतो का? वेळ लावत असेल तर पाय कुठे आहे हेच त्याला कळत नाही, नखं त्यामुळेच झिजतात. पाठीला हात लावताच गुरगुरला किंवा वळून पाहिलं, तर मात्र दुखणं वेगळं आहे : मणक्याची गादी, खुबा. ते शोधायलाच हवं. रक्ताची जनुक-तपासणी करता येते, पण दोष सापडला म्हणजे हाच आजार असं नसतं. बाकीची कारणं आधी बाजूला काढावी लागतात.

डॉक्टर बोटाला चिमटा घेऊन पाहतील. पाय झटकला तर खूश होऊ नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक डॅक्सहुंड आला होता, मागचे दोन्ही पाय गेलेला. मी बोट चिमटलं, पाय झटकला गेला, आणि मी घरच्यांना म्हणाले, ‘संवेदना आहे, आठवडाभर थांबू.’ पाय झटकणं मज्जारज्जूच्या खालच्या भागातूनच होतं, त्याला मेंदू लागत नाही. त्या कुत्र्याने मान वळवली नव्हती, डोळासुद्धा हलला नव्हता. शस्त्रक्रियेची घाई करायला हवी होती, ती मी केली नाही, आणि तो पुन्हा चालला नाही. तेव्हापासून चिमटा घेताना मी पायाकडे पाहत नाही, तोंडाकडे पाहते.

शेरूच्या पंज्यांना मोजे किंवा कुत्र्यांचे बूट घाला, फरशीवर गोणपाट टाका, दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं चालवा. मागचा भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून खांदे संध्याकाळी हलक्या हाताने चोळून द्या. दवाखान्यात जाताना त्या गोळ्यांची पट्टी सोबत न्या आणि किती दिवस दिल्या ते कागदावर लिहून न्या.