उत्तरं दोन, दिसतो एकच शॉक

प्रश्न : सर म्हणाले पाचरीवर सुपरसॉनिक (आवाजापेक्षा वेगवान) हवा आदळली की शॉकच्या, म्हणजे हवेचा दाब एकदम वाढतो त्या पातळ थराच्या कोनाची दोन उत्तरं निघतात. मग खरं कुठलं?
- बीएस्सीचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : गणितात दोन्ही खरी! मॅक २ ची, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाची हवा पाचरीनं १० अंश वळवा, शॉक येणाऱ्या हवेच्या दिशेशी साधारण ३९ अंशांवर बसतो नाहीतर ८४ वर, पण मोकळ्या हवेत दिसतो तो ३९ वालाच. आयर्विन पुलाच्या खांबापुढं कृष्णेचं पाणी आधीच फुगतं ना, इथं तसं नाही, हवा आवाजापेक्षा वेगात येते, पुढं पाचर आहे हे तिला कळतच नाही, म्हणून दाब, घनता एकदम उडी मारतात. आता ३९ वाला शॉक स्थिर आहे असं म्हणतात; स्थिर म्हणजे काय, तर पाचर जराशी वाकवली तर शॉकपण जरासाच वाकला पाहिजे, आणि ३९ वाल्याचं हे सिद्ध झालंय, फार सुंदर काम आहे ते. ८४ वाल्यामागं हवा सबसॉनिक (आवाजापेक्षा मंद) होते, मग लांब मागचा दाबही ढवळाढवळ करतो. वळण साधारण २३ अंशांच्या वर नेलं तर शॉक टोकाला चिकटतच नाही, सुटून पुढं सरकतो.