आंब्या-चिकूवरचं बांडगूळ: उपटू नका, फांदीसकट काढा

मुरबाड तालुक्यातल्या एका बागायतदारांचा प्रश्न आहे: "बांधावरच्या जुन्या आंब्यांवर बांडगूळ माजलंय. दरवर्षी कोयत्याने साफ करतो, पण वर्ष-दोन वर्षांत पुन्हा तेवढंच वाढतं. झाड मरेल का? फवारायला काही औषध आहे का?" शहापूरहून एका ताईंनी चिकूबद्दल विचारलं आहे, आणि नेरूळच्या एका सोसायटीने आवारातल्या झाडांबद्दल.

दादा, तुम्ही दरवर्षी बांडगुळाचा हिरवा झुडूप तेवढा काढता. त्याचं शोषकमूळ फांदीच्या लाकडात तसंच राहतं आणि तिथूनच नवे फुटवे येतात. आपल्याकडे आंब्यावर जे बांडगूळ सर्रास दिसतं, ते सालीवरून आडव्या मुळ्याही पसरवतं आणि वाटेत जागोजागी फांदीत नव्याने घुसतं. म्हणून एक झुडूप काढलं तरी वीतभर अंतरावर दुसरं तयारच असतं.

बांडगूळ हिरवं असतं, स्वतःचं अन्न बऱ्याच अंशी पानांतच बनवतं. त्यामुळे ते झाडाचं फारसं काही घेत नसावं, असं पुष्कळांना वाटतं. पण पाणी आणि क्षार ते सगळे आंब्याकडूनच घेतं. शोषकमूळ साल भेदून पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांना जाऊन भिडतं. पाणी आपल्याकडे ओढता यावं म्हणून बांडगुळाची पानं आंब्याच्या पानांपेक्षा जास्त बाष्प सोडतात. मार्च-एप्रिलच्या उन्हात आंबा पानांची छिद्रं मिटून ओल राखायला बघतो, तेव्हाही बांडगुळाचा उपसा चालू राहतो. आंब्याचं फळ पोसण्याचे दिवसही नेमके तेच. जिरायती बांधावरच्या झाडाला हा मार फार जड जातो.

जोडाच्या जागी फांदी गाठीसारखी फुगते. गाठीच्या पुढची पानं बारीक आणि फिकी होतात, मोहोर कमी येतो, फळ लहान राहतं किंवा गळतं आणि शेवटी तेवढा शेंडा वाळतो. एखाद-दुसऱ्या बांडगुळाने मोठा आंबा मरत नाही. पण निम्मा घेर व्यापला गेला तर झाड खंगत जातं, आणि अशा खंगलेल्या झाडावर खोडकिडा व बुरशी सहज बसतात. त्या अवस्थेतून झाड परत आणणं फार कठीण असतं, म्हणून वाट बघू नका असं मी कळकळीने सांगतो.

बारीक फांदीवर बांडगूळ दिसलं की जोडापासून निदान हात-दीड हात खाली, खोडाच्या बाजूला, निरोगी लाकडात करवतीने फांदी कापा. कोयत्याने साल फाटते, तो नको. जाड फांद्यांचं काम आंबा उतरवल्यावर, पाऊस लागायच्या आत उरका. एका वर्षात घेराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त कापू नका. झाड फार भरलं असेल तर दोन-तीन वर्षांत विभागून काम करा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडी भांडं वापरू नका. मिश्रणात लोखंडी पातं बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना अजून हवा.

खोडावरच बांडगूळ असेल तर खोड कापता येत नाही. तिथे झुडूप सालीलगत तासून टाका, त्या जागेवर काळं प्लास्टिक घट्ट गुंडाळा आणि उजेड जाऊ देऊ नका. फुटवा दिसला की पुन्हा तासा.

औषधाचं विचारलंत, तर तणनाशक फवारू नका. बांडगूळ आणि आंबा यांच्या नळ्या एकमेकांना जोडलेल्या असतात, त्यामुळे औषध आंब्यातही उतरू शकतं आणि वाऱ्याने शेजारच्या भाजीपाल्यावरही जातं. डिझेल ओतायचा उपाय काही गावांत ऐकू येतो. त्याने साल जळते, तोही नको.

बांडगूळ पुन्हा येण्याचं दुसरं कारण पक्षी आहे. फुलटोच्या हा अंगठ्याएवढा पक्षी पिकलेली फळं गिळतो. बी चिकट असतं, विष्ठेतून पडताना सुटत नाही, मग पक्षी ते फांदीवर पुसून टाकतो आणि बी तिथेच रुजतं. तेव्हा फळं पिकायच्या आधी बांडगूळ काढलं तर पुढचा प्रसार थांबतो. तुम्ही एकट्याने काढून शेजारच्या बांधावर ते तसंच राहिलं, तर दोन-तीन वर्षांत पुन्हा तुमच्याकडे येणार. बांधाला बांध लागून असलेल्या चार-पाच जणांनी एकाच हंगामात काम करावं. कापलेला पाला शेळ्या आवडीने खातात. जमिनीवर पडलेलं बी मातीत जगत नाही, पण फळं लागलेल्या फांद्या झाडाखाली ठेवू नका, पक्षी तिथूनही नेतात.

मात्र जंगलातलं बांडगूळ काढायला जाऊ नका. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्याच्याच पानांवर वाढतात, शिंजीर हे चिमुकले पक्षी त्याच्या फुलांतला मध पितात. आपलं काम बागेपुरतं आणि बागेला लागून असलेल्या झाडांपुरतं.

शहापूरच्या ताई, चिकूलाही हेच लागू आहे. फक्त चिकू सावकाश वाढतो, जखम भरायला वेळ घेतो. तेव्हा बांडगूळ बोटाएवढं असतानाच काढा आणि जाड फांद्यांना शक्यतो हात लावू नका. झाडावर वाढलेलं बाशिंग (एक नेचा) किंवा आमरी (ऑर्किड) काढू नका. ती फांदीवर नुसती बसलेली असतात, लाकडात शिरून काही शोषत नाहीत. पिवळ्या दोऱ्यांसारखी बिनपानांची वेल दिसली तर ती अमरवेल. तिचा तुकडा राहिला तरी ती पुन्हा पसरते, म्हणून तिने वेढलेली डहाळीच काढून जाळा.

नेरूळच्या सोसायटीने स्वतः माणूस लावून फांद्या तोडू नयेत. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड सोसायटीच्या आवारात असलं तरीही. उद्यान विभागाकडे अर्ज करा, सोबत प्रत्येक बाधित फांदीचा फोटो जोडा आणि झाडाजवळून विजेच्या तारा जात असतील तर तेही अर्जात लिहा.