लोणार खरोखरच एकमेव आहे का?

प्रश्न : लोणारचे सरोवर हे बेसाल्ट खडकातील जगातील एकमेव आघाती विवर (अशनी आदळून झालेला खड्डा) आहे, असे आम्ही शाळेपासून ऐकत आलो. ब्राझीलमध्येही अशी विवरे असल्याचे नुकतेच वाचले. मग लोणारला एकमेव म्हणणे सोडून द्यावे काय?
– एक वाचक, अकोला

उत्तर : हो, त्या अर्थाने सोडून द्यावे. ब्राझीलमधील व्हार्जिआओ आणि व्हिस्टा अलेग्रे ही विवरेही बेसाल्टमध्येच झालेली असून आकाराने लोणारपेक्षा कितीतरी मोठी आहेत; मात्र कोट्यवधी वर्षांच्या झिजेमुळे त्यांचे मूळ रूप बरेचसे पुसले गेले आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार त्यामानाने कोवळे आणि सुस्थितीत आहे. काठावरून उतरताना नीट पाहावे : दख्खनच्या पठारावर एरवी आडवे दिसणारे बेसाल्टचे थर इथे उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. हे विवर ज्वालामुखीचे असावे, असे मत पूर्वी प्रचलित होते. १९७३ साली भारतीय व अमेरिकी शास्त्रज्ञांनी इथल्या खडकांत मॅस्केलिनाइट, म्हणजे प्रचंड दाबामुळे फेल्डस्पार खनिजापासून तयार झालेला काचसदृश पदार्थ, सापडल्याचे प्रसिद्ध केले आणि अशनीपाताचा भक्कम पुरावा मिळाला. चंद्रावरचे काळसर प्रदेशही बेसाल्टचेच असल्याने तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्यांना लोणारला येऊन असे खडक प्रत्यक्ष हाताळता येतात, आणि माझ्या मते लोणारचे खरे मोल यातच आहे.

एखादी गोष्ट एकमेव आहे असे म्हणताना ती कोणत्या बाबतीत, हे सांगावेच लागते. बारकाईने पाहिले तर प्रत्येक दगड एकमेव ठरतो, आणि निकष हवे तसे आवळत नेले की कोणत्याही डबक्यालाही जगात एकमेव ठरवता येते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाही ते अद्वितीय असल्याचा गाजावाजा झाला. पण मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे जगातील अनेक खाऱ्या सरोवरांना असा रंग चढतो. लोणारच्या बाबतीत मला अधिक मोलाचे वाटते ते एकाच खोलगट जागी आलेले सारे काही : आघाताच्या खुणा, बाहेर वाट नसलेले खारे व अल्कधर्मी पाणी, काठाशी गोड्या पाण्याची अखंड वाहणारी धार आणि कमळजादेवीसह जुनी देवळे. पाहुण्यांना लोणार दाखवताना ‘बेसाल्टमधील उत्तम टिकलेल्या आघाती विवरांपैकी एक’ असे निःशंकपणे सांगावे आणि ते कललेले थर आवर्जून दाखवावेत.