गेटवर अडवले असेल तर: कामावर हजर असल्याचे पत्र आणि अर्जाची पोच

अंबडच्या कारखान्यात आठ वर्षे नोकरी, एका सकाळी गेटवर कार्ड काढून घेतले जाणे, हातात कोणताही लेखी आदेश नसणे आणि ‘राजीनाम्यावर सही करा, हिशेब लगेच देतो’ असा एचआरचा निरोप, हे सारे तुमच्या प्रश्नात वाचताना मला 2016 सालचे माझे सातपूरचे दिवस आठवले. मी तिथे अकरा वर्षे मशीन ऑपरेटर होतो. मी वकील नाही. पुढे लिहिले आहे ते माझ्या प्रकरणातून शिकलेले आहे, म्हणून अंतिम निर्णय कामगार न्यायालयात नियमित काम करणाऱ्या वकिलांना कागदपत्रे दाखवूनच घ्यावा.

राजीनाम्यावर सही करू नये, हे तुम्हाला ठाऊक असेलच. हिशेब हा राजीनाम्याचा मोबदला नसतो, एवढेच सांगतो. वेतन संहितेनुसार कामावरून काढलेल्या माणसाचे देय वेतन 2 कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते, आणि सलग आठ वर्षांच्या सेवेमुळे तुमचा ग्रॅच्युइटीवरही हक्क आहे.

माझे सर्वांत मोठे नुकसान कंपनीने केले नाही, ते एका सरकारी कार्यालयात आणि माझ्या स्वतःच्या चुकीने झाले. काढल्यानंतर नवव्या दिवशी मी तिथे अर्ज घेऊन गेलो. टेबलावरच्या कर्मचाऱ्याने ‘साहेब बाहेर आहेत, ठेवून जा’ असे सांगितले आणि मी माझ्याजवळची एकुलती एक प्रत ठेवून आलो. ना शिक्का घेतला, ना आवक क्रमांक. त्यानंतर जवळजवळ पाच महिने मी दर आठवड्याला तिथे जात राहिलो आणि प्रत्येक वेळी ‘अर्ज वर गेला आहे, पत्र येईल’ हेच उत्तर मिळत राहिले. शेवटी टेबलावर नवीन माणूस आला, त्याने माझ्यासमोर आवक नोंदवही उघडली, आणि त्या तारखेला माझ्या नावाची नोंदच नव्हती.

त्या काळात काय हातचे गेले, ते मला नंतर वकिलांनी समजावले. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्यानुसार कामगार न्यायालयात थेट तक्रार करण्याची मुदत 90 दिवसांची आहे, आणि त्या मार्गात अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापूर्वीचा तात्पुरता, आदेशही मागता येतो. विलंब माफ होऊ शकतो, परंतु त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते, आणि मी पाच महिने कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होतो याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. शिवाय या कायद्याखाली एकदा तक्रार दाखल केली की त्याच बाबीसाठी 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याची वाट तेव्हा बंद होत असे, त्यामुळे विलंबाच्या अर्जावर सारे पणाला लावण्यापेक्षा आम्ही 1947 च्या कायद्याचा मार्ग धरला: समेट अधिकाऱ्याकडे (कामगार आणि कंपनी यांच्यात तडजोड घडवू पाहणारा सरकारी अधिकारी) नव्याने अर्ज केला, 45 दिवस वाट पाहिली आणि मग न्यायालयात गेलो. त्यानंतर सहा वर्षे तारखा पडत राहिल्या. पगार थांबलेल्या माणसाला ‘पुढच्या मंगळवारी या’ असे सांगताना त्याच्या घरी काय चालले असेल, याचा विचार त्या टेबलावर कोणी केला नाही, याचा राग मला आजही आहे.

आता तुमच्याविषयी. कंपनी बहुधा ‘कामगार स्वतःच यायचा थांबला’ असे म्हणेल. माझ्या बाबतीत तसेच झाले. नुसत्या गैरहजेरीवरून, बाजू मांडण्याची संधी न देता नाव कमी करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये डी. के. यादव यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही तुम्ही कामावर यायला तयार होता आणि तुम्हाला गेटवर अडवले, हे सांगणारे पत्र आजच स्पीड पोस्टाने पाठवा. तुमचे पदनाम ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ आहे म्हणून कामगार कायदा लागू होत नाही, असे कोणी म्हणाले तर लगेच मान्य करू नका, कारण न्यायालय पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहते. मशीनजवळ उभे राहून तुम्ही रोज जे तपासणीचे तक्ते भरत होता, त्यांच्या प्रती मिळाल्या तर जपून ठेवा.

मधल्या काळात दुसरे काम मिळाले तर ते अवश्य करा, मात्र लपवू नका. मागील पगार मागताना आपण बेरोजगार होतो किंवा कमी पगारावर होतो, हे कामगाराने आधी सांगावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या दीपाली सुरवसे निकालात हे आले आहे. मी सिन्नरला काही महिने केलेले काम सुरुवातीलाच सांगितले होते, म्हणून उलटतपासणीत मला खाली पाहावे लागले नाही. 2022 मध्ये आमची तडजोड झाली. रक्कम मिळाली, नोकरी मिळाली नाही.

मी सांगितलेली 45 दिवसांची पद्धत माझ्या वेळची आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या 1947 च्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असून समेटासाठी 2 वर्षांची मर्यादा आहे. तुमचे प्रकरण कुठे दाखल करायचे, हे वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा. तुम्हाला काढून सत्तावीस दिवस झाले, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे 90 दिवसांतले अजून त्रेसष्ट शिल्लक आहेत, आणि ही भेट याच आठवड्यात व्हायला हवी. कुठेही अर्ज द्याल तेव्हा दोन प्रती न्या, दुसरीवर तारखेसह शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, आणि ‘साहेब बाहेर आहेत’ असे उत्तर आले तर तोच अर्ज त्याच दिवशी पोस्टाने पाठवून पावती प्रतीला टाचून ठेवा.