मंदीत रुपया आटला, युद्धात नोटांचा पूर आला: 1929 ते 1945 चा भारत

तुम्ही विचारलंय की महामंदीने भारताचं कंबरडं मोडलं हे समजतं, पण युद्ध संपताना ब्रिटनच आपला देणेकरी होता; मग युद्ध आपल्या फायद्याचं ठरलं का? माझ्या मते अजिबात नाही. दोन्ही वेळी रुपयाची दोरी लंडनच्या हातात होती.

आधी मंदी. 1929 नंतरच्या दोन-तीन वर्षांत शेतमालाचे भाव साधारण निम्म्यावर आले. शेतसारा मात्र रोख रुपयांत, मुंबई इलाख्यात सहसा तीस वर्षांसाठी ठरलेला. समजा सारा 20 रुपये आहे. ज्वारी 4 रुपये मण असताना 5 मण विकले की तो भागायचा. भाव 2 रुपयांवर आला की 10 मण लागायचे. सावकाराच्या व्याजाचंही तेच. पीक चांगलं येऊनही माणूस कर्जात रुतत गेला.

रुपया स्वस्त केला असता तर निर्यातीच्या मालाला इथे थोडा जास्त भाव मिळाला असता. 1926 मध्येच चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगात मुंबईचे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी भिन्नमत नोंदवून एका रुपयाला 1 शिलिंग 4 पेन्स (शिलिंग-पेन्स म्हणजे पौंडाची चिल्लर) हा स्वस्त दर मागितला होता. 1927 मध्ये दर बांधला गेला तो 1 शिलिंग 6 पेन्सवर, आणि तो टिकवायला सरकारने मंदीतही चलन आवळून धरलं. सप्टेंबर 1931 मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडला, म्हणजे पौंडाचं सोन्याशी ठरलेलं नातं तोडलं, तरी रुपया त्याच दराने पौंडाला बांधलेला राहिला. सोनं 21 रुपये 3 आणे 10 पै तोळा या कायद्यातल्या भावाच्या वर चढलं, आणि अडलेल्या घरांतल्या पाटल्या, सरी, पुतळ्यांच्या माळा सराफाकडे जाऊन तिथून मुंबई बंदरातून लंडनला गेल्या. काही वर्षांत शेकडो कोटींचं सोनं असं बाहेर गेलं. निर्यातीवर बंदी नव्हती, करही नव्हता.

आता युद्ध. हा व्यवहार नीट पाहायला हवा, कारण खरी गोम इथेच आहे. नोव्हेंबर 1939 मध्ये ठरलं की भारताबाहेरच्या लढाईचा खर्च मुख्यतः ब्रिटन सोसेल. प्रत्यक्षात कापड, ताग, धान्य, तंबू यांचे पैसे भारत सरकार इथे ताबडतोब रुपयांत चुकते करी. ब्रिटन तेवढे पौंड लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यात टाकी. पौंडांतले रोखे कायद्याने नोटांना तारण म्हणून चालत, त्यामुळे बँक त्यांच्यावर नव्या नोटा काढी. माल गेला आणि नोटा मागे राहिल्या; पौंड मात्र लंडनलाच अडकले. चलनातल्या नोटा 1939 च्या सुमारे 180 कोटींवरून युद्धअखेर 1,100 कोटींच्या पुढे गेल्या. धातूचीही टंचाई झाली: 1940 मध्ये रुपयातली चांदी बारा भागांत अकरा होती ती निम्म्यावर आणली, एक रुपयाची नोट काढली, आणि 1943 मध्ये तांबं वाचवायला मधोमध भोक असलेला पैसा आला. जुन्या डब्यात तो अजून सापडतो.

महागाई सगळ्यांना सारखी बाधली नाही. विकायला धान्य असलेल्या शेतकऱ्याने जुनं कर्ज फेडलं; मजूर, कोळी, कारागीर उघडे पडले. बंगालच्या दुष्काळाचा दोष केवळ निसर्गाला किंवा साठेबाजांना देणं मला अपुरं वाटतं. 1942 मध्ये ब्रह्मदेश पडला आणि तिथला तांदूळ बंद झाला. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या, दहांहून अधिक माणसं नेणाऱ्या होड्या सरकारने काढून घेतल्या, ऑक्टोबरमध्ये मेदिनीपूरला चक्रीवादळ आलं, आणि प्रांतांनी एकमेकांचं धान्य अडवलं. त्यावर फुगलेल्या नोटा. चौकशी आयोगाने मृत्यू 15 लाख धरले, नंतरचे अनेक अभ्यासक 30 लाखांच्या आसपास सांगतात. मुंबई शहरात रेशनिंग मे 1943 मध्ये सुरू झालं. कलकत्त्यात ते 1944 च्या सुरुवातीला, म्हणजे माणसं मेल्यावर.

राहिला ब्रिटन आपला देणेकरी झाल्याचा मुद्दा. 1946 पर्यंत लंडनमध्ये सुमारे 1,700 कोटी रुपयांचे पौंड साठले होते, आणि त्याच वर्षी इथलं रोजचं रेशन 16 औंसांवरून 12 औंसांवर आणावं लागलं. जुलै 1944 मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला भरलेल्या आंतरराष्ट्रीय चलन परिषदेत भारतीय प्रतिनिधींनी हा प्रश्न काढला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख त्यांत होते. ब्रिटनने तो परिषदेबाहेर, थेट दोघांत मिटवायचा ठरवला. पुढे ते पैसे स्वतंत्र भारताला करार करत हप्त्याहप्त्याने सोडवून घ्यावे लागले.